नणंदेने भुतांची टूर बुक केलीय, मी जाऊ की नको?

"मावशी, मी ३६ वर्षांची, ठाण्यात राहते, बँकेत नोकरी करते. जूनमध्ये मी, नवरा आणि ९ वर्षांचा मुलगा असे तिघं नणंदेकडे ग्लासगोला चाललोय. तिने एडिनबरोची दोन दिवसांची सहल आखलीय आणि त्यात रात्री ९ ची भुतांची टूर घातलीय. आधी पुलाखालची भुयारं, मग एका चर्चचं कब्रस्तान. मी लहानपणापासून घाबरट. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात गावी दिवे गेले आणि मी किंचाळले, तो किस्सा सासरी अजून प्रत्येक कार्याला निघतो. नणंद म्हणते, 'वहिनी, चल, तुझी भीती मोडू या.' नवरा नुसता हसतो. मुलाला तर जायचंच आहे. नाही म्हटलं तर सगळ्यांचा विरस. हो म्हटलं तर तिथे रडू फुटेल आणि परत आल्यावर आठवडाभर दिवा लावून झोपावं लागेल. अडकायच्या भीतीने मी एकटी लिफ्टमध्येही जात नाही, सहा मजले चढते. काय करू? – एक भित्री, ठाणे"

अगं,

तुझ्या पत्रात भुतांना जेमतेम दोन ओळी मिळाल्यात. बाकी सगळी जागा नणंद, नवरा आणि त्या किश्श्याने खाल्लीय. म्हणून आधी किश्श्याचा निकाल लावते. तो पुसण्यासाठी टूरला जायचं असेल तर तिकिटाचे पैसे वाया जातील. तू त्या भुयारातून शीळ घालत बाहेर आलीस तरी पुढच्या लग्नात कोणीतरी म्हणणारच, "आणि वहिनी आठवते का, दिवे गेले तेव्हा?" सासरचे किस्से असेच असतात, त्यांना खाडाखोड चालत नाही. तूच एकदा तो सगळ्यांच्या आधी, हातवारे करून सांगून टाक. मग बाकीच्यांना सांगायला मजा उरत नाही.

आता "भीती मोडू या" बद्दल. नणंदेचा हेतू चांगला असेल, पण घाबरणाऱ्या माणसाला एकदम अंधारात ढकललं की भीती मोडत नाही, उलट तिला आणखी एक पुरावा मिळतो. भीती कमी होते ती थोडीथोडी, आपल्या हातात लगाम असताना, आणि नको वाटेल तेव्हा बाहेर पडता येईल अशा जागी. हे एकदा लक्षात घेतलंस की तुझ्या टूरचं काय करायचं ते जवळपास ठरतंच. मी तुला सरसकट जा किंवा सरसकट नको म्हणणार नाही. भुयारं नकोत, कब्रस्तानात जा.

भुयारं का नकोत ते सांगते. साउथ ब्रिज हा पूल १७८८ साली पुरा झाला. त्याला १९ कमानी आहेत आणि आज त्यातली एकच उघडी दिसते. बाकीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींमागे दडल्यात. त्या कमानींच्या पोटात दगडी खोल्या काढल्या होत्या. सुरुवातीला तिथे चांभार होते, दारूची दुकानं होती, मालाची कोठारं होती. पण वरून पाणी झिरपायला लागलं तसे धंदेवाले निघून गेले आणि ज्यांना दुसरीकडे कुठेच थारा नव्हता अशी गरीब माणसं तिथे राहायला आली. ना उजेड, ना वारा, ना संडास. पुढे खोल्या भरावाने बुजल्या, लोक विसरूनही गेले, आणि १९८० च्या दशकात त्या पुन्हा उकरून काढल्या. आता तिथे मेणबत्तीच्या उजेडात टूर चालतात. म्हणजे बंद दगडी खोली, ओल, कमी उजेड, अनोळखी घोळका, आणि बाहेरची वाट गाइडलाच माहीत. लिफ्ट टाळायला सहा मजले चढणाऱ्या बाईने तिथे जाऊ नये. यात भुताचा काही संबंध नाही, तुला कोंडल्यासारखं होईल म्हणून सांगतेय.

या खोल्यांवर एक प्रयोगही झालाय, तो तुला धीर देईल. रिचर्ड वाइझमन नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक २००१ साली दोनशेहून जास्त स्वयंसेवक घेऊन या भुयारात गेले. कुठली खोली भुतांसाठी बदनाम आहे हे लोकांना सांगितलं नव्हतं. तरीही बदनाम खोल्यांमध्ये गेलेल्यांनाच जास्त काही ना काही जाणवलं. कोणाला गारवा, कोणाला आपल्यावर नजर असल्यासारखं. कारणाचा माग काढला तर तो खोलीचा आकार, छताची उंची, बाहेरच्या उजेडातला फरक अशा गोष्टींपाशी गेला. म्हणजे तिथे अंगावर काटा येतो तो खराच येतो, पण तो आणते खोली. तेव्हा तुला काही वाटलं तर त्यात तुझा दुबळेपणा नाही. तुझ्या नणंदेलाही वाटेल. ती फक्त सांगणार नाही.

मेरी किंग्ज क्लोज नावाचं आणखी एक ठिकाण कोणीतरी सुचवेल, "अगं, ते दिवसा असतं" म्हणून. भुलू नकोस. तेही जमिनीखालीच आहे.

कब्रस्तानाची गोष्ट वेगळी. तुमच्या टूरमधलं ते चर्चचं कब्रस्तान बहुधा ग्रेफ्रायर्स असणार; ते उघड्यावर आहे, आणि तू जूनमध्ये चालली आहेस! एडिनबरोत जूनच्या अखेरीला सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ संधिप्रकाश रेंगाळतो. ९ ची टूर म्हणजे आपल्याकडची संध्याकाळची साडेपाच-सहाची वेळ समज. डिसेंबरमध्ये गेली असतीस तर पावणेचारलाच अंधारून आलं असतं आणि मी हे पत्र जरा निराळं लिहिलं असतं. नणंदेने महिना निवडताना तुझ्यावर नकळत उपकारच केलेत.

त्याच दिवशी सकाळी आधी तिथे एक चक्कर मार, मुलाला घेऊन. दारापाशी कोपऱ्यावर बॉबी कुत्र्याचा पुतळा आहे. मालक १८५८ साली गेला आणि हा कुत्रा पुढे १४ वर्षं त्याच्या कबरीपाशी राहिला अशी कथा आहे. पर्यटक त्याचं नाक घासून घासून झिजवतात, तुम्ही घासू नका. आत गेलात की काही थडग्यांवर लोखंडी पिंजरे दिसतील. मुलगा विचारेल, "आई, हे भूत बाहेर येऊ नये म्हणून का?" त्याला सांग, उलटं आहे, बाहेरचा माणूस आत जाऊ नये म्हणून. त्या काळी वैद्यकीय शाळांना शिकवायला प्रेतं हवी असायची आणि ताजी प्रेतं उकरून विकणारे चोर होते. बर्क आणि हेअर हे दोघे तर उकरायच्याही फंदात पडले नाहीत. १८२८ साली त्यांनी १६ माणसं मारून डॉक्टर नॉक्सला विकली. बर्कला १८२९ च्या जानेवारीत फाशी दिली आणि त्याचा सांगाडा आजही एडिनबरो विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. (हे शेवटचं मुलाला रात्री जेवताना सांगू नकोस.) टूरमध्ये गाइड या गोष्टी आवाज खाली नेऊन, मधे थांबून सांगेल. तुला आधीच माहीत असतील तर त्या थांबण्यात जीव टांगणीला लागणार नाही.

तसंच मॅकेन्झीच्या भुताचं. जॉर्ज मॅकेन्झी हा सरकारी वकील, १६९१ साली गेला. कव्हेनंटर पंथाच्या लोकांचा त्याने फार छळ केला, म्हणून तो 'रक्तपिपासू'. त्याच्या घुमटीच्या दाराशी जाऊन "हिंमत असेल तर बाहेर ये" असं ओरडून पळत सुटायचं, हा तिथल्या पोरांचा जुना खेळ. पण ओरखडे उठले, चक्कर आली, असल्या हकिकती सुरू झाल्या त्या १९९८ च्या अखेरीपासून. एक बेघर माणूस आसऱ्याला घुमटीत शिरला, शवपेट्या फुटल्या आणि भूत खवळलं, असं सांगतात. पुढच्याच वर्षी तिथे रात्रीच्या टूर सुरू झाल्या. तीनशे वर्षं गप पडलेलं भूत नेमकं तिकीट विक्रीच्या तोंडावर जागं झालं. आपल्या कोकणातले मुंजे आणि देवचार इतके व्यवहारी नाहीत, ते फुकटच भेटतात.

बुक करताना एक गोष्ट नीट वाच. टूर सगळ्या एका जातीच्या नसतात. काही ठिकाणी गाइड नुसता इतिहास रंगवून सांगतो. काहींमध्ये अंधारातून मधेच अंगावर उडी घेणारा नट ठेवलेला असतो, त्याला तिथल्या बोलीत 'जम्पर-ऊटर' म्हणतात. तुला पहिली जात हवी. जाहिरातीत लिहिलेलं नसेल तर मेल टाकून सरळ विचार, की कोणी अंगावर येतं का, एखाद्या बंद जागेत नेतात का, मधेच निघून जाता येतं का. कब्रस्तानाच्या काही टूर शेवटी कुलूपबंद भागात आणि घुमटीत नेतात, तेही यातच कळेल. वयाची अटही बघून घे. उशिराच्या टूरला लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, आणि तिथे दारात पोचून मुलाचा चेहरा पडण्यापेक्षा घरून माहीत असलेलं बरं.

प्रत्यक्ष तिथे गेलीस की गाइडला आधीच बाजूला घेऊन सांग, मी पटकन घाबरते. त्यात लाज कसली, त्याला तुझ्यासारखी माणसं रोज भेटतात. घोळक्याच्या मधे उभी राहा, शेवटी किंवा कडेला नको, कारण दचकवणारा कडेच्यालाच गाठतो. भीती वाटायला लागली तर खाली बुटांकडे बघ, नवऱ्याचा हात धर, "हा पगारी माणूस आहे" असं मनात घोक. रामरक्षा येत असेल तर तीही म्हण, कोणाला कळणार आहे? ही पळवाट नाही हं. डेन्मार्कमध्ये ऑर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका भयघरात येणाऱ्यांचा अभ्यास करून २०१९ साली छापला. काहींनी भीती वाढवायचा प्रयत्न केला, काहींनी ती होईल तितकी दाबायचा. बाहेर आल्यावर दोघांचंही समाधान जवळपास सारखंच निघालं. डोळे मिटून पाहिलेली टूरही पाहिलेलीच असते.

नवऱ्याला मात्र घरूनच बजावून ठेव. मागून येऊन 'भो' करायचं नाही, टूरमध्ये नाही, हॉटेलच्या जिन्यात नाही, रात्री दिवा मालवल्यावर तर मुळीच नाही. नुसतं हसून भागणार नाही, त्याने तुझ्या शेजारी चालायचं. आणि तू "जाऊ या" म्हणालीस की प्रश्न न विचारता बाहेर पडायचं. एवढं त्याला जमत नसेल तर तू टूरला जाऊ नकोस, मुलाबरोबर नणंदेला पाठव.

हो, न जाणं हाही चांगला पर्याय आहे, फक्त तोंड पाडून हॉटेलवर बसू नकोस. दिवसभर पायपीट झालेली असेल, कुठेतरी चिप्स आणि गरम सूप घेऊन बस, ती मंडळी आली की काय काय झालं ते ऐक. भुताच्या गोष्टी ऐकायला कोणीतरी लागतंच. टूरला गेलीस तरीही तिथून उठून तडक अंथरुणात शिरू नकोस. आधी उजेडात बसून काहीतरी खा, हसा, मुलाला गाइडची नक्कल करू दे. त्या रात्री फोनवर त्या जागेचे व्हिडिओ शोधायचे नाहीत. दिवा लावून झोपावंसं वाटलं तर लावून झोप.

मुलाची काळजी करू नकोस. आई घाबरली म्हणून मुलं बिघडत नाहीत. "मला तिथे कोंडल्यासारखं होतं, मी बाहेर थांबते" हे त्याला तुझ्या तोंडून सरळ ऐकू दे.

लिफ्टचं तेवढं वेगळं बघ. सहा मजले रोज चढणं व्यायाम म्हणून ठीक, पण भीतीपोटी चढत असशील तर सहलीहून आल्यावर एखाद्या समुपदेशकाला भेट. बंद जागेच्या भीतीवर चांगले उपचार आहेत आणि ते हळूहळूच करतात, कोणी ढकलत नाही.

नणंदेला या आठवड्यातच फोन कर. "भुयारात मी येणार नाही, तुम्ही जाऊन या, कब्रस्तानाच्या दाराशी मी तुम्हाला भेटते" एवढंच सांग. कारणं देत बसू नकोस, दिलेल्या प्रत्येक कारणावर तिच्याकडे उत्तर असेल. दोन्ही ठिकाणचं तिकीट एकत्र असेल तर तुझ्यापुरतं वेगळं करून मिळतं का ते तिला बघायला सांग. रद्द करायची मुदत बुकिंगच्या मेलमध्ये असते, ती तिच्याकडून आजच मागवून घे.

– मावशी