पेणला जाताय तर...

पहिल्यांदाच गाडी काढताय ना? मग पहाटे सहाला निघा. शिवडीहून अटल सेतू धरा. २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा खाडीवरून, पण वर गाडी थांबवून फोटो काढायचे नाहीत. पुढे कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसला की वेग आपोआप कमी होतो.

थेट पेण गाठू नका. आधी हमरापूर-जोहे फाट्याला वळा. घराघरांत गणपतीचे कारखाने. डोळ्यांची आखणी चालू असेल तिथे गप्प उभे राहा, कारागिराला हाक मारू नका. आम्ही एकदा तासभर नुसते बघत राहिलो, जेवण राहिलं! शाडूची मूर्ती हवी असेल तर आधीच विचारून ठेवा. गणपतीच्या आठवड्यात मात्र हा रस्ता नकोच, सगळं कोकण तिथेच अडकलेलं असतं. परतताना पोह्याचे पापड.