वाचकांचे प्रश्न: इंजिनिअरिंगसाठी विद्यापीठ निवडताना

प्रश्न: मुलीला कॉम्प्युटर सायन्सच करायचं आहे. दोन विद्यापीठांत प्रवेश मिळतोय. जागतिक क्रमवारीत त्यांच्यात दीडशे क्रमांकांचं अंतर आहे. वरचंच घ्यावं ना?

उत्तर: तो क्रमांक कशावरून काढलाय, ते आधी पाहा. शांघायच्या जागतिक क्रमवारीच्या यादीत ३० टक्के गुण नोबेल आणि फील्ड्स (गणितातला मोठा सन्मान) पदकांचे असतात: माजी विद्यार्थ्यांना मिळालेल्यांचे १०, प्राध्यापकांना मिळालेल्यांचे २०. नोबेलमध्ये इंजिनिअरिंग हा विषयच नाही! क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या यादीत जगभरातल्या प्राध्यापकांच्या मताला ३० टक्के वजन आहे. पीएचडी करायची असेल तर याचा उपयोग होतो. पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग कोण शिकवतं, हे मात्र यातून कळत नाही.

त्यापेक्षा दोन्हीकडच्या अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून शेजारी शेजारी ठेवा. डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, कॉम्प्युटर आर्किटेक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स, डेटाबेस हे विषय सक्तीचे हवेत. बऱ्याच ठिकाणी विषयापुढे ३-०-२ असे आकडे असतात. म्हणजे आठवड्याला तीन तास व्याख्यान, ट्युटोरियल नाही, दोन तास प्रॅक्टिकल. ऑपरेटिंग सिस्टिमपुढे ३-०-० दिसलं आणि प्रॅक्टिकल वेगळा विषय म्हणूनही कुठे नसेल, तर तिथेच थांबा.

प्रॅक्टिकल आहे, तर त्याची यादी मागवा. ‘राउंड रॉबिनचा प्रोग्राम लिहा’, ‘बँकर्स अल्गोरिदमचा प्रोग्राम लिहा’ एवढंच असेल, तर वहीतली गणितं स्क्रीनवर आली, इतकंच. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, हात लागलाच नाही. याउलट एमआयटीने शिकवण्यासाठी बनवलेल्या एक्सव्ही६सारख्या छोट्या सिस्टिममध्ये नवा सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडून काम करून घ्यायची सोय) घालायला लावत असतील, तर मुलं खऱ्या अर्थाने शिकतात. एखादा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) चुकला की अख्खी सिस्टिम कोसळते आणि कुठे चुकलं ते शोधत बसावं लागतं.

ऐच्छिक विषयांच्या लांबलचक यादीला भुलू नका. पुरेशी मुलं किंवा शिकवणारं माणूस नसलं की विषय उघडतच नाही. गेल्या दोन वर्षांत यातले कोणते प्रत्यक्ष शिकवले गेले, ते विभागाला ईमेलने विचारा. हेच तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांनाही विचारा आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते पाहा.

प्रश्न: माहितीपत्रकात ‘९५ टक्के प्लेसमेंट’ आणि सरासरी पगाराचा मोठा आकडा आहे. विश्वास ठेवावा का?

उत्तर: आकडा खोटा नसेलही, पण ९५ टक्के कशाचे? समजा वर्गात १२० मुलं आहेत. त्यातल्या ८० जणांनी प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलं, ७६ जणांना नोकरी लागली. नोंदणीच्या हिशोबाने हे ९५ टक्के, वर्गाच्या हिशोबाने ६३. नाव न नोंदवलेल्यांत पुढे शिकायला गेलेले असतात, तसेच एखादा विषय राहिल्यामुळे किंवा सीजीपीएच्या अटीमुळे बाहेर राहिलेलेही असतात. त्यांची फोड मागा.

सरासरीचं तर विचारूच नका. नऊ जणांना ६-६ लाख आणि एकाला ५६ लाख मिळाले, तर सरासरी ११ लाख येते. त्या दहांत ११ कुणालाच मिळालेले नाहीत. मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, विचारा, तोही शाखावार. इथे तो ६ आहे.

प्रश्न: पदवीनंतर परदेशात काम करायचं झालं, तर मान्यतेचं काय पाहायचं?

उत्तर: विद्यापीठाची मान्यता वेगळी आणि त्या पदवी कार्यक्रमाची वेगळी. एकाच कॅम्पसमध्ये मेकॅनिकलला कार्यक्रमाची मान्यता असते, कॉम्प्युटरला नसते, असं होतं. इंजिनिअरिंगच्या पदव्या देशोदेशी समकक्ष मानण्यासाठी १९८९चा वॉशिंग्टन करार आहे आणि कॉम्प्युटिंगच्या पदव्यांसाठी २००८चा सोल करार. पदवी देणाऱ्या देशाची मान्यता-संस्था करारात आहे का, आणि तिने नेमक्या याच कार्यक्रमाला मान्यता दिली आहे का, हे त्या संस्थेच्याच संकेतस्थळावर पाहा. तिथली मुदतही वाचा. तुमची पदवी पूर्ण होईल ते वर्ष महत्त्वाचं. आणि समकक्षता म्हणजे परवाना नव्हे. व्यावसायिक नोंदणीसाठी त्या देशाच्या अनुभवाच्या किंवा परीक्षेच्या अटी वेगळ्या असू शकतात.

प्रश्न: साधं कॉम्प्युटर सायन्स घ्यावं की ‘एआय आणि डेटा सायन्स’?

उत्तर: दोन्हींचे सत्रवार तक्ते ताडून पाहा. एआयच्या शाखेत ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स, कंपायलर शाबूत असून वर लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी जास्त असेल, तर खुशाल घ्या. हे विषय काढून त्या जागी टूल्सच्या नावाचे पेपर घातले असतील, तर साधी शाखा बरी. मशीन लर्निंग तिथेही ऐच्छिक म्हणून घेता येतं.

प्रश्न: आत्ता मिळेल ती शाखा घेऊन दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटरला बदलून घेता येईल का?

उत्तर: त्या भरवशावर प्रवेश घेऊ नका. बदल बहुधा रिकाम्या जागांवर आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर होतो, आणि कॉम्प्युटरची जागा सोडून जाणारे मोजकेच. मिळालेल्या शाखेतच चार वर्षं काढावी लागली तरी चालेल का, याचं उत्तर ‘हो’ असेल तरच घ्या. मात्र कॉम्प्युटरचं ‘मायनर’ (मुख्य शाखेसोबतचा दुय्यम विषय) करता येतं का, आणि त्यात डेटा स्ट्रक्चर्स नि अल्गोरिदमला बाहेरच्या शाखेच्या मुलांना बसू देतात का, हे फी भरण्याआधी लेखी विचारून घ्या.