लसीआधी प्रतिकारशक्तीची तपासणी करावी का?

ताई, प्रत्येक बाळाची अशी तपासणी करायची गरज नाही. त्यापायी लस लांबवू नका. पण आधीचं एखादं मूल तान्हेपणीच वारंवारच्या जंतुसंसर्गाने गेलं असेल, किंवा तुमच्या माहेरी मामा-भावांपैकी कुणी तसं गेलं असेल, तर प्रसूतीआधीच डॉक्टरांना सांगा. कारण क्षयरोगाची बीसीजी लस आणि तोंडावाटेचा पोलिओ डोस जन्मतःच देतात, आणि दोन्हींत जिवंत जंतू असतात. 'स्किड' हा जन्मजात प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असलेल्या बाळाच्या जिवावर बीसीजी बेतू शकते. बाळाच्या साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटरला 3000 च्या खाली दिसले, तर पुढची तपासणी हवीच. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत ती होते. हिपॅटायटिस बीची लस मात्र थांबवू नका, तिच्यात जिवंत विषाणू नसतो. घरच्यांना अशा मृत्यूंबद्दल विचारताना संकोच वाटेल, तरी विचाराच.