पीडीएफला पासवर्ड आहे, मग भीती कशाची?

प्रश्न : घरात एकच लॅपटॉप. माझं ई-आधार, फॉर्म १६, यांच्या पेन्शनचे कागद, सगळं डाउनलोड्समध्ये पडलेलं असतं. भाचा आणि त्याचे मित्र कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तोच वापरतात. आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहेच. आणखी काही करायला हवं का? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तो पासवर्ड काय असतो ते आठवा. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. समजा नाव सुनीता, जन्म १९६८ चा. तर एस, यू, एन, आय आणि १९६८. भाच्याला मावशीचं नाव ठाऊक आहे आणि वयही ठाऊक आहे. हे कुलूप परक्यांसाठी, घरच्यांसाठी नाही.

म्हणून आधी भाच्याला विंडोजमध्ये वेगळं अकाउंट काढून द्या. ते ‘स्टँडर्ड’ ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटर नको. ॲडमिनला तुमचे फोल्डर उघडता येतात. तुमच्या अकाउंटलाही पासवर्ड हवाच, आणि उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबून स्क्रीन लॉक करायची. भाजी फोडणीला टाकायला उठलात तरी.

अगदी नाजूक कागद सेव्हन-झिप या फुकट प्रोग्रॅमने वेगळा पासवर्ड घालून एका फाइलीत बांधून ठेवा. प्रकार ‘सेव्हन-झेड’ निवडा. त्यात एईएस-२५६ एन्क्रिप्शन असतं, म्हणजे पासवर्डशिवाय न वाचता येणारं भक्कम कुलूप. फाइलींची नावं लपवायच्या चौकटीतही टिचकी मारा, नाहीतर आत काय आहे ते बाहेरून वाचता येतं. मग मूळ फाइल डाउनलोड्समधून आणि रीसायकल बिनमधूनही काढा. बहुतेक जण इथेच चुकतात, पेटीला कुलूप आणि दागिने पलंगावर!

इथे ‘पासवर्ड विसरलात?’ असं विचारणारं कोणी नसतं. बँकेच्या कॉम्प्युटर विभागात वीस वर्षं काढलेल्या मी स्वतःच एक फार हुशारीचा पासवर्ड ठेवला आणि तीन वर्षांचे कर भरल्याचे कागद कायमचे गमावले. आता तो वहीत लिहिलेला असतो, कपाटात.

बिटलॉकरबद्दल, म्हणजे अख्खी डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीबद्दल, लोक विचारतात. लॅपटॉप चोरीला गेला तर ते कामाचं; पण तुम्ही लॉगिन करून बसलात की सगळं उघडंच, तेव्हा भाच्यापुढे त्याचा उपयोग नाही. लावलंत तर ४८ आकडी ‘रिकव्हरी की’, म्हणजे अडल्यावर कुलूप उघडायची किल्ली, कागदावर उतरवा, त्याच लॅपटॉपमध्ये नको.

आणि जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. प्रिंटसाठी झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली, तर ती माझ्यासमोर डिलीट करायला लावते. तो हसतो, पण करतो.