शीतपेयाची बाटली आणि मागचा प्रकाश

प्रश्न : मी प्रॉडक्ट फोटोग्राफी शिकते आहे. उन्हाळी शीतपेये तयार करणाऱ्या एका ब्रँडने काम दिलेले नसतानाही मी त्यांच्या चार पेयांचे फोटो स्वतःहून काढले. मात्र बाटलीतले नारिंगी पेय काळपट दिसते, बाटलीवर फवारलेले पाणी ओघळून जाते आणि सगळे फोटो एकत्र मांडले तरी त्यांतून एक प्रकल्प उभा राहत नाही. हे फोटो पोर्टफोलिओत कोणत्या नावाने दाखवावेत?

उत्तर : काळपट रंगाचे कारण बहुधा प्रकाशाच्या दिशेत आहे. काच आणि पेय पारदर्शक असल्यामुळे समोरून टाकलेला प्रकाश काचेवर पांढरी चमक उमटवतो आणि बाकीचा आत शिरून मागच्या अंधारात निघून जातो. पेयाचा रंग खुलायचा तर प्रकाश मागून पेयातून कॅमेऱ्याकडे यावा लागतो. त्यासाठी बाटलीपेक्षा किंचित लहान असा चंदेरी किंवा पांढरा पुठ्ठा बाटलीच्या आकारात कापून तिच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा तिरका ठेवावा आणि वरून किंवा बाजूने येणारा प्रकाश त्यावर पाडावा. पार्श्वभूमी पांढरी असेल, तर चौकटीच्या अगदी बाहेर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उभ्या केल्यास काचेच्या कडांना रेखीव गडद रेषा मिळते. लेबल मात्र अपारदर्शक असल्याने त्याला समोरून वेगळा, मऊ प्रकाश लागतो, म्हणून ट्रायपॉड न हलवता लेबलचा आणि पेयाचा असे दोन फोटो घेऊन ते नंतर जोडण्याची पद्धत रूढ आहे.

थंडगार बाटलीवर खरे दवबिंदू जमतात, पण काही मिनिटांत ते एकमेकांत मिसळून ओघळतात. त्याऐवजी ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात मिसळून बारीक फवारा मारावा, म्हणजे थेंब तासन्‌तास जागेवर राहतात; आधी बाटलीवर पारदर्शक मॅट स्प्रेचा पातळ थर दिल्यास ते अधिक सुटे आणि गोल बसतात. बर्फासाठी ॲक्रिलिकचे तुकडे वापरणार असाल, तर खरा बर्फ तरंगतो आणि ॲक्रिलिक पाण्यापेक्षा जड असल्याने बुडते, एवढे ध्यानात ठेवावे. ग्लास तळापासून काठापर्यंत तुकड्यांनी भरला नाही, तर तळाशी बसलेला तो ‘बर्फ’ जाणत्या नजरेला लगेच खटकतो.

फोटो एकसंध का वाटत नाहीत, हा मला तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटला. ग्राहकाने दिलेल्या कामात मर्यादा आपोआप येतात. स्वतःहून केलेल्या कामात त्या आपणच घालून घ्याव्या लागतात आणि नवशिक्यांकडून नेमके हेच राहून जाते. कॅमेरा हाती घेण्यापूर्वी हे पेय कोण, कोणत्या वेळी पिणार आहे, उन्हाचा प्रकाश टळटळीत दुपारचा असेल की कलत्या संध्याकाळचा, कोणते दोन-तीन रंग वापरायचे आणि फोटो उभ्या फलकावर जाणार की आडव्या पट्टीवर, हे एका पानावर लिहून काढा. मजकुरासाठी मोकळी जागा सोडलेला एक तरी फोटो असावा, कारण जाहिरात करणारा माणूस ती जागा आधी शोधतो. चार पेयांऐवजी एकच पेय घेऊन पाच-सहा फोटो करा : पूर्ण बाटली, थेंबांचा जवळून घेतलेला तपशील, ग्लासात ओतण्याचा क्षण, हातात धरलेली बाटली. ओतण्याच्या फोटोसाठी छोटा फ्लॅश कमी शक्तीवर ठेवावा, कारण अशा फ्लॅशचा लखलखाट शक्ती कमी केल्यावर अधिक अल्पकाळाचा होतो आणि उडणारी धार गोठल्यासारखी स्पष्ट येते.

ब्रँडचे नाव जरूर लिहा, पण प्रत्येक फोटोखाली ‘स्वयंप्रेरित प्रकल्प, ब्रँडने दिलेले काम नाही’ अशी स्पष्ट नोंद असू द्या. ही नोंद केवळ शेवटच्या पानावर ठेवणे पुरेसे नाही, कारण फोटो सुटे होऊन फिरतात. ग्राहकांच्या यादीत या ब्रँडचा समावेश करू नका आणि त्याचे बोधचिन्हही बदलू नका. फोटोचा स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे तो काढणाऱ्याकडे असतो, बोधचिन्हाचा हक्क मात्र ब्रँडकडे. त्यामुळे हे फोटो दुसऱ्या कोणाच्या जाहिरातीसाठी विकता येतील असे गृहीत धरू नका. ब्रँडला ते दाखवायचे असतील, तर निवडक तीन फोटो लहान आकारात पाठवा, आणि त्यांना ते वापरावेसे वाटले तर मोठ्या फाइल देण्यापूर्वी वापराची जागा, मुदत आणि मोबदला लेखी ठरवून घ्या.