आत्याआजीची मावा जिलेबी

प्रिय ऋचा,

विमानतळावर तू विचारलंस, "आत्याआजीला शुगर आहे, ती गोड खातच नाही. मग बाबा, तिच्यासाठी बऱ्हाणपूरला एवढ्या उन्हात का थांबलो?" मी बॅगा मोजत राहिलो. तुझं म्हणणं खरं होतं, म्हणून उत्तर सुचलं नाही.

माझ्या लहानपणी केळीचे पैसे हातात आले की आप्पा रावेरहून रेल्वेनं बऱ्हाणपूरला जात, मलाही नेत. ते आता मध्य प्रदेशात, पण फारुकी सुलतानांच्या काळी तीच खानदेशची राजधानी. आमच्या घरी त्याला परराज्य कुणी म्हटलंच नाही. हलवाई मावा आणि आरारोटाचं घट्ट पीठ फडक्यातून कढईत सोडायचा. जाड वेटोळी, चांगली काळपट होईपर्यंत तळलेली, मग पाकात. तू "जळली का?" म्हणालीस ना, तो रंग माव्याचाच. आप्पा मला तिथंच एक गरम जिलेबी द्यायचे, स्वतः घेत नसत. मग अर्धा किलो सावद्याच्या आत्यासाठी बांधून घ्यायचे, घरी पाव किलो.

मला राग यायचा. आईची नवी साडी दोन वर्षं लांबलेली, आणि आत्याला जास्त? एकदा तसं बोललोही. आप्पा एवढंच म्हणाले, "बहिणीच्या दारी रिकाम्या हातानं कसं जायचं?" तेव्हा ते पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटतं असं नाही. आईला कुणी विचारलं होतं?

पण आत्याच्या ओट्यावर तो पुडा सुटताना मी पाहिलाय. ती आधी शेजारणींना हाका मारायची, "भावानं आणली" म्हणत प्रत्येकीच्या हातावर तुकडा ठेवायची. तिला स्वतःला काय उरायचं, कोण जाणे. परतताना आमच्या पिशवीत कळण्याचं पीठ आणि भरताची वांगी असायचीच.

यंदाही तिनं तेच केलं, फक्त या वेळी "भाच्यानं आणली" म्हणाली. पहिला तुकडा तुझ्या हातात दिला, आठवतं?

आप्पांनंतर तो पुडा मी नेतो. पुढे तू न्यावास, असं मी म्हणत नाही. तिच्या तब्येतीचा विचार मी आधी करायला हवा होता, हेही खरं. पुढच्या वेळी काय न्यायचं, ते तूच तिला फोन करून विचारशील? रविवारी सकाळी कर, ती तेव्हा ओट्यावरच बसलेली असते.

तुझा,
बाबा