आजीचा खुबा आणि नातीचं गणित

तुमच्या आई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, पूर्ण सांधा बदलावा लागला आणि आता त्या काठी घेऊन चालतात, हे वाचून बरं वाटलं. पण पुढे तुम्ही लिहिता, ‘आजीला चालतं करणाऱ्या डॉक्टरांचं ऋण मुलीने सर्जन होऊन फेडावं, म्हणून तिला अकरावीत गणित सोडायला सांगितलंय.’ मला तिच्या मार्कांची काळजी नाही, या वाक्याची आहे. ऋण तुमचं आहे. ते सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर चढवू नका.

कृत्रिम सांध्याचा गोळा ज्या वाटीत फिरतो, तिच्याबद्दल तिने सर्जनना काय विचारलं, तेही तुम्हीच कळवलंय: ‘ही प्लास्टिकची वाटी किती वर्षं टिकते? झिजली की चुरा कुठे जातो?’ शस्त्रक्रियेबद्दल एक प्रश्न नाही! तुम्हाला यात डॉक्टर दिसली, मला इंजिनिअर दिसते.

‘सांधा सर्जनच घडवतो, इंजिनिअर फक्त मशिन सांभाळतो,’ हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. आजच्या कृत्रिम खुब्याचा पाया घालणारे इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली सुरुवातीला टेफ्लॉनची वाटी बसवत. ती काही वर्षांतच झिजायची, चुऱ्याने आतल्या पेशींना त्रास व्हायचा, रुग्णांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागायचं. १९६२ मध्ये त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेवन यांनी पॉलिएथिलीन या प्लास्टिकचा एक तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर लावला. चार्नलींनी तो आधी मोडीत काढला होता. क्रेवन यांनी तरी यंत्र चालू ठेवलं, आणि झीज अगदी किरकोळ निघाली. त्याच वर्षी चार्नली नव्या प्लास्टिकची वाटी बसवू लागले. त्याच्या सुधारलेल्या जाती आजही वापरात आहेत. चुऱ्यामुळे भोवतालचं हाड झडून सांधा सैल होतो, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. तुमच्या मुलीने नेमकं तिथेच बोट ठेवलंय.

आणि मोडलेला प्रत्येक खुबा बदलत नाहीत. तरुण रुग्णात शक्यतो स्क्रू घालून मांडीच्या हाडाचा मूळ गोळा वाचवायचा प्रयत्न करतात; रक्तपुरवठा तुटला तर मात्र तो गोळा मरू शकतो. ते स्क्रूही कुणीतरी हिशेब करूनच घडवलेले असतात.

मेकॅनिकल, मटेरियल्स किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंग, पुढे बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचालींचं यंत्रशास्त्र: सगळीकडे गणित लागतं. सोबत जीवशास्त्र ठेवा, म्हणजे उद्या तिचंच मन वैद्यकीयकडे वळलं तर अडचण नको. गणित सोडायचा अर्ज दिला असेल तर याच आठवड्यात मागे घ्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.